दिवाळीत जुनंच घालणार म्हटल्यावर आई बोलेनाशी झालीये

ताई, मी 25 वर्षांची, सोलापूरलाच नोकरी करते. पाडव्यापासून ठरवलंय की नवीन कपडे घ्यायचे नाहीत, दुसऱ्यांनी वापरलेलेच घालायचे. एका टी-शर्टला किती पाणी लागतं ते वाचल्यापासून मन लागत नव्हतं. इतके दिवस घरात कुणी काही बोललं नाही, पण आता दिवाळी आली आणि तुळशीच्या लग्नानंतर दादाचं लग्न आहे. आई म्हणते नवी पेठेत चल, मी नाही म्हणते. तिचं म्हणणं, लोक म्हणतील बापाला पोरगी जड झाली, शिवाय कुणाच्या अंगावरचं, कसले रोग असतील. (वर इमोशनल ब्लॅकमेल, की मी लोकांचे उतरलेले कपडे घालून वाढले, तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नव्हती.) पप्पा युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत, ते एवढंच म्हणाले, सगळे तुझ्यासारखे झाले तर आम्ही काय खायचं. आई चार दिवस बोलत नाहीये. मी चुकतेय का? आणि चपलापण जुन्याच घ्यायच्या का?
— एक वाचक, सोलापूर

अगं, चुकत नाहीयेस. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं तुला तितकंसं आवडणार नाहीये.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू कंसात टाकलंस आणि वर त्याला इमोशनल ब्लॅकमेल म्हणून मोकळी झालीस. मी ते तीनदा वाचलं. तुझी आई लोकांचे उतरलेले कपडे घालून वाढली म्हणजे नेमकं काय झालं असेल ते कधी विचारलंस का तिला? कुणाचे होते ते कपडे, आजी ज्यांच्याकडं कामाला जायची त्यांच्या पोरीचे का, आणि ती पोरगी हिच्याच शाळेत होती का? कारण जिनं हे भोगलंय तिला फ्रॉक जुना असल्याचं एवढं काही वाटत नसतं गं, तो कुणाचा होता हे सगळ्या वर्गाला माहितीये याचं वाटतं. अशी पोरगी मोठी झाल्यावर मनाशी एकच ठरवते, की माझ्या लेकरांना घडी मोडायला मिळाली पाहिजे. आणि ते तिनं पंचवीस वर्षं केलं. कटिंग मास्टरच्या पगारात दर दिवाळीला दोन पोरांना नवीन कपडे, बघ हिशोब करून. आता तिचीच पोरगी कमवायला लागली आणि म्हणती मला वापरलेलेच पायजेत. तुला वाटतंय तू फॅशनच्या कंपन्यांना नाही म्हणतीयेस, तिला ऐकू येतंय की तू तिला नाही म्हणतीयेस.

आणि हे फक्त तुमच्या घरातलं नाहीये. आपल्याकडं कुणी काय घालायचं ते जातीनं ठरवून दिलेलं होतं, मनुस्मृतीत तर काही लोकांनी मेलेल्यांचे कपडे घालावेत असं लिहिलंय. 1927 च्या डिसेंबरमधे महाडला बाबासाहेबांनी बायकांना मुद्दाम सांगितलं होतं की स्वच्छ राहा, लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरच्या खुणांवरून कुणी जात ओळखता कामा नये. तुझं घर कुठलं हे मी विचारत नाहीये, पण दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालणं ही ज्या देशात पिढ्यानपिढ्या सक्ती होती तिथं ते हौसेनं करायचं म्हणजे मागचं थोडं माहीत असलेलं बरं. तुझ्याकडं पगार आहे, तू ठरवलंस. तुझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून ते 2700 लिटरचं गणित आईपुढं मांडत बसू नकोस. आकडा बरोबरे, एका सुती टी-शर्टला साधारण तेवढं पाणी लागतं असा अंदाज आहे, त्यात कापूस पिकवायलाच लई जातं. पण नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात जिनं आयुष्यभर घागरी मोजल्यात तिला पाण्याची किंमत तू शिकवणार का? तिला आधी तिच्या फ्रॉकचं विचार. एकटी असताना विचार, आणि ती बोलायला लागली की मधेच पर्यावरण काढू नकोस, नुसतं ऐक.

रोगाचं म्हणतीये ते मात्र खुळं नाहीये, त्याला सरळ उत्तर दे. खरजेचे किडे माणसाच्या अंगाशिवाय दोन-तीन दिवसांपुढं सहसा जगत नाहीत, त्यामुळं आणलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवायचा, मग सुती असेल तर कडक गरम पाण्यात धुवायचा, आणि उन्हाचं तर सोलापुरात कुणी कुणाला सांगायला नको. सिल्क, लोकर गरम पाण्यात घालू नकोस, ते ड्रायक्लीनला दे. आतले कपडे, मोजे नवीनच घे, त्यात तुझा संकल्प मोडत नाही. आणि घेताना काखेत, कॉलरच्या आत, चेनपाशी बघ, वास घे, लाजू नकोस. ऑनलाइन घेणार असशील तर साइजच्या आकड्यावर जाऊ नकोस, तुझा एक चांगला बसणारा कुर्ता जमिनीवर पसरून छाती, खांदा, उंची माप आणि त्याच्याशी ताडून बघ. एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून विकतात तो माल वापरलेला नसतो बरं का, न खपलेला नवाच असतो, तुझ्या नियमात तो धरायचा का ते तू बघ. आणि जुनं स्वस्त मिळतंय म्हणून महिन्याला पाच पार्सलं येत असतील तर मग मी आईच्या बाजूनं आहे.

आता पप्पा. ते थोडंच बोलले पण लागलंय त्यांना. तुम्ही सोलापूरची माणसं, कापडावर जगलेलं गाव, तिथं पोरीनं नवीन कपडा नको म्हणणं म्हणजे बापाच्या पोटावर पाय दिल्यासारखं वाटणारच. पण तुझ्या चार कुर्त्यांनी युनिफॉर्मचा धंदा बसत नाही हे त्यांनाही माहितीये, शाळेची पोरं दरवर्षी वाढतात. 1877 ची जुनी गिरणी बंद पडली, लक्ष्मी-विष्णू बंद पडली, ती काय कुणी जुने कपडे घातले म्हणून नाही. हे त्यांना ऐकवू मात्र नकोस, वाद जिंकशील आणि घरात दोघं अबोला धरून बसतील.

त्यापेक्षा त्यांच्याकडं काम घेऊन जा. जुन्या कपड्यात खरी अडचण काय असते, फिटिंगची. खांदा उतरतो, बाही लांब होते, कमरेत ढगळ. आणि तुझ्या घरात कटिंग मास्टर आहे! लोक आल्टर करायला टेलरकडं खेटे घालतात गं. पप्पांपुढं एक कुर्ता ठेव आणि म्हण, हा उसवून माझ्या मापाचा करता येईल का. ते आधी चिडतील, हे काय कापड आहे का म्हणतील, मग टेप काढतील. नाही काढली तर नाही, पण माझा अंदाज काढतील असा आहे.

लग्नाचं सांगते. दादाच्या लग्नात आईची साडी नेस. तिच्या लग्नातला शालू असेल, इरकल असेल, कपाटात पेपरात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी असणारच. साडीला साइज नसतो, त्यामुळं ती एकीकडून दुसरीकडं जायलाच केलेली आहे, आणि आईची साडी लेकीच्या अंगावर बघून बापाला जड झाली असं कुणी म्हणत नाही, उलट बायका पदर हातात घेऊन विचारतात कुठली गं. पण घडी आधी उलगडून बघ, सिल्क घड्यांवरच विरतं. विरलं असेल तर हट्टानं नेसू नकोस, मांडवात फाटली तर आई आयुष्यभर काढेल.

आणि आहेर. वहिनीच्या माहेरून तुला नवी साडी येणार, करवली आहेस तू. ती घ्यायची, हसून घ्यायची आणि एखाद्या कार्यक्रमाला नेसायचीपण. तिथं माझा नियम आहे म्हणून साडी परत केलीस तर नव्या सुनेला पहिल्याच दिवशी वाटेल आमचं दिलेलं चाललं नाही. संकल्प तुझा आहे, त्याचा खर्च तिनं का करायचा. नंतर ती साडी कुणाला तरी दे, म्हणजे तिच्यासाठी ती सेकंडहँड झाली, हिशोब मिटला.

दिवाळीला थोडं वाकायला हरकत नाही असं मला वाटतं. पहिल्या आंघोळीनंतर घालायला आईनं आणलेला एक ड्रेस, वर्षातून एक, तिच्या हातचा. तुला हे पटणार नाही कदाचित, तुमच्या वयात नियम शंभर टक्केच लागतो. नाहीच पटलं तर आईला निदान खरेदीला एकटी पाठवू नकोस, नवी पेठेत तिच्याबरोबर जा, तिला तिच्यासाठी घेऊ दे आणि पैसे तू दे. तिच्या वाट्याला नवीन कपडा किती वेळा आलाय ते बघ एकदा.

एक गंमत, आईची कळी खुलली की हळूच विचार, दुसऱ्याचे जुने कपडे घालणं वाईट तर बारशापर्यंत आम्हाला कुणाच्या जुन्या लुगड्याच्या झबल्यात ठेवलं होतं? आणि बोहारणीला कपडे देऊन तू पातेलं घेतलंस ते कपडे पुढं कोण घालतं? हसली तर उत्तम. नाही हसली तर विषय तिथंच सोड.

चपला नवीन घे. दुसऱ्याच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो, तळ एका बाजूला झिजलेला असतो, टाच धरती, आणि लग्नात दिवसभर उभं राहायचंय तुला.