दार उघडण्याआधी गाडी कुणाची ते पाहा

बंद गाड्या उघडण्याचा जोडधंदा सुरू करावा म्हणून विचारणारे खूप झाले आहेत. कुणाला नोकरी सांभाळून संध्याकाळी काही करायचं असतं, कुणाच्या घरी किल्ल्यांचं दुकान असतं. बहुतेक पत्रांत एकच गल्लत असते. गाडीचं दार उघडणं, गाडीची नवी चावी बनवणं आणि गाडी चालू करणं ही तीन वेगळी कामं आहेत. त्यांची हत्यारं वेगळी आणि जोखीमही वेगळी. या वेळच्या उत्तरांत मी मुख्यतः पहिल्या कामाबद्दल बोलतो आहे.

सातपूरला कंपनीत आहे. सातनंतर आणि रविवारी हे काम करायचं आहे. लायसन्स कुठलं काढू? एजंट उद्यम नोंदणीचे अडीच हजार मागतो आहे.

देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी असेल तर घरबसल्या होते. लोकांच्या अज्ञानावर चालणारा हा धंदा मला अजिबात सहन होत नाही. बाकी म्हणाल तर किल्लीवाल्यासाठी वेगळा परवाना नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं असतील तर ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी लागत नाही, तरी हिशेब सुरू करण्याआधी सीएला एकदा भेटा. कंपनीचं नेमणूकपत्रही काढून वाचा. बाहेरचं काम करायला मनाई असेल तर आधी एचआरशी बोला.

परवाना नाही म्हणून कुणाला सांगायचंच नाही, असं मात्र करू नका. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढा, त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मग आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाऊन नाव, पत्ता, फोन आणि काय काम करणार ते लेखी द्या आणि पोच घ्या. रात्री अकरा वाजता परक्या गाडीच्या दाराशी दांडी घेऊन उभे असताना गस्तीची गाडी आली, तर ती पोच उपयोगी पडते.

तहसील कार्यालयात लिपिक आहे. पत्नीच्या नावावर धंदा दाखवून मी काम केलं तर चालेल का?

नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे खासगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते, ती लेखी मागा.

व्हिडिओत स्टीलची फूटपट्टी काचेच्या फटीतून घालून दार उघडताना पाहिलं. मग महाग हत्यारं कशाला?

मारुती ८०० च्या काळात ते चालायचं. दाराच्या आत सरळ लोखंडी सळ्या असत, पट्टी त्यात अडकायची आणि खिट्टी वर यायची. आता बऱ्याच गाड्यांत सळीऐवजी वेष्टनातली केबल असते, कुलुपावर झाकण असतं, शेजारून काचेच्या मोटरच्या आणि स्पीकरच्या वायरी गेलेल्या असतात. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सरही दारातच असतो. त्यात आंधळेपणाने पट्टी फिरवली की वायर सोलते. तेव्हा काही कळत नाही. आठवड्याने काच अर्ध्यात अडकते आणि गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येतं.

आज जे काम होतं ते दाराच्या वरच्या कडेतून, हवेच्या पिशवीने आणि लांब दांडीने. त्यातही घाई नडते. पिशवीत हवा किती भरायची हे हाताला कळावं लागतं. दोन पंप जास्त मारले की दाराची चौकट किंचित बाहेर येते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण ऐंशीच्या वेगाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि पहिल्या पावसात पायाखालची मॅट ओली होते. कडेला आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर रंगाचा टवका उडालाच म्हणून समजा. काही गाड्यांत डबल लॉकिंग असतं, तिथे आतला हँडल ओढूनही दार उघडत नाही. अशी गाडी असेल तर हात न लावता शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला फोन करायला सांगा.

शिकायचं असेल तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून किंवा तुमच्या गावच्या स्क्रॅप यार्डातून पत्र्यासकट आख्खी दारं आणा, आतलं अस्तर काढा आणि दांडी आत गेल्यावर कुठे कशाला लागते ते उघड्या डोळ्यांनी पाहा. त्यानंतर जुन्या किल्लीवाल्याच्या हाताखाली काही महिने काढा.

‘सगळ्या गाड्या उघडणारा किट’ आणि तीन दिवसांचं प्रमाणपत्र एकत्र मिळतंय. घेऊ का?

नको.

गिऱ्हाईकाची आरसी गाडीतच अडकलेली असते. मग गाडी त्याचीच आहे हे कसं ओळखायचं? एवढी चौकशी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं.

जाऊ द्या. आलेल्या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी या प्रश्नाची वाटते.

गाडी तुम्ही दोन मिनिटांत उघडाल, पण कुणासाठी उघडली याचं उत्तर तुम्हाला पुढे कित्येक महिने द्यावं लागू शकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात चोरीचं कलम ३०३ आहे, आणि चोरीला मदत करणाऱ्यालाही कायदा मोकळं सोडत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणायला तुमच्याकडे कागद हवा.

आरसी गाडीत असली तरी फोन बहुधा हातात असतो. डिजिलॉकरमधली आरसी ग्राह्य असते. ती उघडायला सांगा, लायसन्सवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवा, आरसीवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळवा. स्क्रीनशॉट चालणार नाही, अॅप समोर उघडायला लावा. फोनही आत राहिला असेल तर घरच्या माणसाला फोन लावून कागद पाठवायला सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा वॉचमनला बोलवा. काही गाड्यांत पुढच्या काचेतून चासी नंबर दिसतो, तो आरसीशी ताडून पाहा. वहीत गाडी नंबर, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे, वेळ, जागा, नाव, मोबाईल आणि सही घ्या. आधारची झेरॉक्स गोळा करू नका. ओळखपत्र पाहा आणि परत द्या. दुसऱ्याची कागदपत्रं सांभाळणं हीसुद्धा जबाबदारी आहे.

आता अवघड गिऱ्हाइकं. ‘गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, पण माझीच आहे’ असं सांगणाऱ्या बाई खऱ्याही असतील, पण घरात वाद चालू असेल तर तुम्ही त्यात विनाकारण ओढले जाल. ज्याच्या नावावर आरसी त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय हात लावू नका. ड्रायव्हर असेल तर मालकाशी बोला. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी, तिथे ज्या कंपनीची गाडी तिची परवानगी लागते.

आणि वसुलीवाले. हप्ते थकलेत, गाडी उचलायची आहे, दार तेवढं उघडून दे, पैसे दुप्पट. नवख्या किल्लीवाल्याला हे सोपं काम वाटतं. कर्जवसुलीसाठी दांडगाई चालणार नाही, वसुली कायद्याच्या मार्गानेच व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावलेलं आहे. समोर न्यायालयाचा आदेश आणि पोलीस नसतील तर सरळ नकार द्या. एखाद्या प्रकरणात शंका असेल तर काम थांबवून वकिलाला विचारा, त्याची फी या भानगडीपेक्षा स्वस्त पडते.

लहान मूल गाडीत अडकलं आहे असा फोन आला तर किती आकारावं?

अशा वेळी पैशाचं बोलूच नका. फोनवर पहिलं वाक्य म्हणा, ‘११२ लावा’. तुम्ही पाच मिनिटांवर असाल तरच निघा. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं आणि मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. मूल सुस्त दिसत असेल तर किल्लीवाल्याची वाट पाहणं चूक आहे. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच, तिच्या कोपऱ्यात, टोकदार जड वस्तूने फोडायला सांगा. पुढची काच फोडत बसू नये, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो. मूल बाहेर आलं की ते हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

जाहिरातीत १९९ लिहून जागेवर दीड हजार घेतात. आम्हीही तसंच करायचं का, नाहीतर फोनच येत नाहीत.

करू नका. ही फसवणूक आहे आणि तिच्यामुळे अख्ख्या धंद्याचं नाव खराब होतं. निघण्याआधी गाडीचं मॉडेल, ठिकाण आणि वेळ विचारा, पूर्ण आकडा सांगा, रात्रीचा जादा दर असेल तर तोही तेव्हाच सांगा आणि सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. दार उघडलं नाही तर काय घेणार, हेही त्यातच येऊ द्या. काम सुरू करण्याआधी दाराचे चारही बाजूंनी फोटो काढा. जुना ओरखडा तुमच्या नावावर लागू नये म्हणून. कामात झालेल्या नुकसानीसाठी विमा घेता येतो का, ते विमा सल्लागाराला विचारा.

स्मार्ट की गाडीत राहिली, तिच्या फोबमध्ये (बटणांच्या रिमोटमध्ये) लपलेली चावी असते म्हणे. ती कशी वापरू?

फोबच आत आहे, त्यामुळे ती चावीही आतच आहे. घरची दुसरी चावी मागवा.

माझी एक चावी फेब्रुवारीत हरवली. दुसरीवर चालवतो आहे. दिवाळीनंतर बघू म्हटलं तर चालेल ना?

चालणार नाही, आणि इतके दिवस थांबायलाही नको होतं. हरवलेली चावी ज्याला सापडेल त्याच्या हातात तुमच्या गाडीचं दार आणि इंजिन दोन्ही आहे. चिपची चावी असेल तर गाडीच्या मेमरीतून ती हरवलेली चावी काढून टाकता येते, नवी चावी नोंदवता येते. हे काम शोरूममध्ये किंवा माहितगार माणसाकडूनच करून घ्या. त्याआधी हरवल्याची पोलिसांत नोंद करा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच असेल तर ती का, याचा कागद तुमच्याकडे लागतो. विमा पॉलिसीत चावी बदलण्याची जोडसुविधा घेतली आहे का, तेही एजंटला आजच विचारा.