शहराचा आयोग जुन्या इमारतींचं जतन नेमकं कसं करतो?

न्यूयॉर्कचंच उदाहरण घेते. तिथलं भव्य पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये वारसा जतनाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या आयोगावर ११ सदस्य असतात. त्यात किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार आणि शहराच्या पाचही बरोंमधला, म्हणजे प्रशासकीय विभागांमधला, किमान एकेक रहिवासी हवाच.

इमारत किमान ३० वर्षं जुनी असेल तर आयोग जाहीर सुनावणी घेऊन तिला वारसा वास्तूचा दर्जा देऊ शकतो. मात्र नगर परिषद तो निर्णय बदलू किंवा रद्दही करू शकते.

खरं काम सुरू होतं ते दर्जा मिळाल्यावर. समजा, तुम्हाला दर्शनी भागाची लाकडी खिडकी बदलायची आहे. आधी परवानगी घ्यावी लागते. चौकटीची जाडी, काचेचे भाग, रंग, सगळं बारकाईनं तपासलं जातं. साधे अर्ज कर्मचारीच निकाली काढतात, मोठे बदल सदस्यांपुढे सुनावणीला जातात. मला हे जाचक वाटत नाही. एकेक खिडकी बदलत गेली की अख्ख्या गल्लीचा चेहरा कधी पुसला जातो, कळतही नाही.

मालकाच्या हक्कांचं काय, हा प्रश्नही कोर्टात गेला होता. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायला आयोगानं नकार दिला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं कौल दिला. म्हणून ते स्टेशन आजही उभं आहे.