ब्लॉकमधले 'इंडियन' भरले म्हणे!

"ताई, आम्ही मूळचे नाशिकचे. सिंगापूरला येऊन आठ वर्षं झाली, चार वर्षांपूर्वी पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाला. सेंगकांगमध्ये भाड्याने राहतो. स्वतःचं घर घ्यावं म्हणून तीन महिने हिंडतोय. एक अगदी मनासारखं मिळालं होतं. एमआरटी (मेट्रो) पाच मिनिटांवर, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, देवघराला पूर्वेचा कोपरा. भाव ठरला आणि दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, 'सॉरी, इंडियन कोटा फुल.' नवरा म्हणाला, आपण काय एसटीतल्या सीटा आहोत? तेव्हापासून त्याचं मनच उडालंय, परत जाऊ म्हणतो. मुलगा पुढच्या वर्षी पी-वनला (पहिलीला) जाईल, शाळेच्या मातृभाषांच्या यादीत मराठी नाही, तर काय घ्यायचं? आणि सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या बाळाचं काढतात. तिथलं सरकार मूल झालं की पैसे देतं असं त्यांच्या कानावर आलंय. खरं काय?"
– सेंगकांगची एक वाचक

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. सिंगापुरात मी एकवीस वर्षं काढली, त्यातली तेरा बुकित बातोकला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरात. हे कोट्याचं दुखणं आमच्याही वाट्याला आलं होतं. तेव्हा आमच्या घरातही नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं होतं.

तुझे तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. हा देश माणसं मोजून ठेवतो. किती आहेत हे तर मोजतोच, पण कोण आहेत हेही मोजतो. चिनी, मलय, इंडियन आणि इतर असे चार कप्पे. २०२० च्या जनगणनेत नागरिक आणि पीआर मिळून चिनी ७४.३ टक्के, मलय १३.५, इंडियन ९ आणि उरलेले इतर. आपलं मराठीपण, नाशिकचं पाणी, कोकणस्थ-देशस्थ, सगळं त्या नऊ टक्क्यांत विरघळतं. तमिळ, सिंधी, पंजाबी, मल्याळी तर आहेतच, पण सरकारी व्याख्येत पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन वंशाची माणसंही 'इंडियन'च. क्रिकेटच्या मॅचला समोरासमोर आणि कोट्यात मात्र एका बाकावर.

आता घराचं. १९६४ मध्ये इथे मलय आणि चिनी लोकांत दंगली झाल्या, माणसं मेली. पुढच्या वर्षी देश मलेशियातून वेगळा झाला. ती आठवण सरकारच्या मनातून कधी गेलेली नाही. इंग्रजांनी १८२२ च्या आराखड्यातच प्रत्येक जमातीला वेगळी वस्ती नेमून दिली होती, म्हणजे आपल्या पेठा आणि आळ्याच म्हण. एचडीबीच्या उंच इमारतींत सगळे मिसळतील अशी आशा होती. पण १९८० च्या दशकात दिसलं की मलय कुटुंबं बेडोक-टॅम्पिनीसकडे गोळा होतायत आणि चिनी हौगांगकडे. म्हणून मार्च १९८९ पासून हा कोटा आला, म्हणजे एका ब्लॉकमध्ये (इमारतीत) कोणत्या वंशाची घरं किती असावीत याची मर्यादा. तो जाहीर करणारे मंत्री होते एस. धनबालन, स्वतः तमिळ वंशाचे. हे नवऱ्याला जरूर सांग. 'आपल्याविरुद्ध' म्हणून जो नियम त्याला खुपतोय, तो मांडणारा माणूस आपल्याच कप्प्यातला होता.

आकडे असे. एका ब्लॉकमध्ये चिनी ८७ टक्क्यांपर्यंत, मलय २५, आणि 'इंडियन व इतर' मिळून १५. आजूबाजूच्या पूर्ण वस्तीत तेच अनुक्रमे ८४, २२ आणि १२. 'व इतर' हे शब्द नीट वाच. युरेशियन, फिलिपिनो, कुणी फ्रेंच बाईशी लग्न करून आलेला जर्मन, सगळे आपल्याच पंधरात बसतात. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आत्ता एखादी फिलिपिनो परिचारिका भात शिजवत असेल.

दोघंही पीआर असाल तर आणखी एक चाळणी आहे. पीआर कुटुंबांना ब्लॉकमध्ये ८ टक्के आणि वस्तीत ५ टक्के ही वेगळी मर्यादा आहे, मलेशियन पीआर तिच्यातून वगळलेले. म्हणजे तुला दोन्हीकडे जागा हवी. एजंट पुष्कळदा पहिलंच बघतात आणि दुसरं ऐनवेळी निघतं. घर बघायला जायच्या आधी एचडीबीच्या संकेतस्थळावर ब्लॉकचा पत्ता घालून दोन्ही कोटे तपास. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. आधी कोटा, मग खिडकी आणि देवघर.

कोटा भरलेला असला तरी दार अगदी बंद नसतं, हे एजंटने सांगितलं का? विकणारा स्वतः 'इंडियन व इतर' असेल तर तो तुम्हाला घर विकू शकतो, कारण एक जाऊन एक येतो, बेरीज तीच राहते. (पीआरची चाळणी तेव्हाही उरतेच, ती विसरू नकोस.) आमचं घर असंच मिळालं. केरळच्या एका निवृत्त शिक्षकांचं होतं. त्यांनाही आपल्याच कप्प्यातला गिऱ्हाईक हवा होता, आणि का, ते मला पुढे बारा-तेरा वर्षांनी घर विकताना कळलं.

ही गोष्ट नीट ऐक, कारण ती कुणी आधी सांगत नाही. घर घेताना आपण फक्त आपला कोटा बघतो. पण ब्लॉकमधला चिनी कोटा भरलेला असला, तर उद्या तुला ते घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही. देशातले दर चारातले तीन गिऱ्हाईक तिथेच गेले. उरलेल्या एकाला हे पक्कं ठाऊक असतं आणि तो त्या हिशेबाने भाव पाडून मागतो. अशी तक्रार अल्पसंख्य घरमालकांनी वर्षानुवर्षं केली, संसदेतही ती निघाली. शेवटी २०२२ पासून फारच अडलेल्या काही प्रकरणांत एचडीबी स्वतः ते घर विकत घेते. पण त्या भरवशावर घर घेऊ नये. म्हणून बघताना तिन्ही रकाने बघ, आपला आणि पीआरचा आत शिरण्यासाठी, चिनी बाहेर पडण्यासाठी. पाच वर्षं राहण्याची अट आहेच, तेवढ्या काळात रकाने हलतातही.

परत जायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त एका घराच्या रागावर ठरवू नका.

आता थोडं आपल्याबद्दल बोलते, कारण हे बोललं जात नाही. १९८० मध्ये इथे इंडियन साडेसहा टक्क्यांच्याही आत होते. २०१० मध्ये ९.२ झाले. ही वाढ पाळण्यांतून झालेली नाही, चांगी विमानतळावरून झाली. म्हणजे तू, मी आणि आपले गणपतीला जमणारे सगळे. चिनी कुटुंबांत मुलं सगळ्यांत कमी जन्मतात, तरी त्यांचा वाटा पाऊणाच्या आसपास टिकून आहे, तोही बाहेरून येणाऱ्यांमुळेच. सरकार उघड सांगतं की येणाऱ्यांमधून वंशांचं प्रमाण साधारण आहे तसंच राखायचं. २०२४ च्या जूनमध्ये इथली एकूण वस्ती ६० लाख ४० हजार होती, त्यात नागरिक ३६ लाख ४० हजार. बाकी पीआर, वर्क पासवाले, बांधकामावरचे, घरकाम करणाऱ्या, विद्यार्थी. दहातले चार नागरिक नाहीत अशा देशात मूळच्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार नवऱ्याने आपल्या अपमानासोबत केलेला बरा. मुंबईत आपण काय काय बोललोय ते आठवावं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक अक्का राहायच्या. तमिळ, त्यांचे पणजोबा मलायात रबराच्या मळ्यावर आलेले. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तुम्ही इंडियात कुठल्या?" व्हॉइड डेकवर (इमारतीखालच्या मोकळ्या जागेत) बसून त्या मुरुक्कूचा डबा बंद करत होत्या. झाकण लावून झाल्यावर म्हणाल्या, "मी कंडांग केरबाऊ हॉस्पिटलची." म्हणजे इथेच जन्मलेली. त्यांच्या नातवाला एकदा बसमध्ये कुणी 'परत जा तुझ्या देशात' म्हणालं होतं, आणि घरी येऊन तो आजीला म्हणाला, ते लोक त्या नवीन इंडियन लोकांमुळे मला बोलतात. नवीन म्हणजे आपण. त्यानंतर मी तो प्रश्न इथल्या तमिळ माणसाला पुन्हा विचारला नाही. तूही विचारू नकोस. आणि इथे सुट्टी 'दीपावली'ची मिळते, एकच दिवस. पाडवा, भाऊबीज करायची तर रजा टाकायची, कुरकुर न करता.

शाळेचं सोपं आहे. 'मातृभाषा' हे त्या विषयाचं नाव आहे, आईशी त्याचा संबंध लावू नकोस. चिनी, मलय, तमिळ या मूळच्या तीन, आणि १९९० च्या सुमारास हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू या पाचांना मान्यता मिळाली. मराठी नाही, आणि एवढ्या संख्येवर नजीकच्या काळात येईल असं मला वाटत नाही. बहुतेक मराठी घरं हिंदी घेतात, लिपी तीच म्हणून. पण तो सहावीच्या परीक्षेतल्या चार विषयांपैकी एक आहे, मार्क मोजले जातात, तेव्हा घरी कोण शिकवणार ते आधी ठरव. मराठी मुलं हिंदीत हमखास 'मेरा पुस्तक' लिहितात आणि मार्क घालवतात. माझ्या मुलाने तर हिंदीच्या धड्यात 'शिक्षा मंत्री' वाचून विचारलं होतं, हे सगळ्यांना छड्या मारतात का? मराठी घरी बोलायची ती बोलायचीच. सासूबाईंनाच कामाला लाव. रविवारच्या कॉलवर बाळाचं विचारण्याऐवजी नातवाला अर्धा तास गोष्ट सांगायची, त्यात दोघांचं भलं आहे.

राहिलं बाळ. सासूबाईंनी ऐकलंय ते अर्धं खरं आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये इथे एका बाईमागे सरासरी ०.९७ मूल. २०२४ हे चिनी पंचांगाचं ड्रॅगन वर्ष, पूर्वी अशा शुभ वर्षी पाळणे जास्त हलायचे. १९८८ ला जननदर १.९६ पर्यंत चढला होता. या खेपेला काही झालं नाही. त्यामुळे सरकार पैसे देतं. १४ फेब्रुवारी २०२३ पासून जन्मलेल्या पहिल्या-दुसऱ्या बाळाला प्रत्येकी ११ हजार सिंगापूर डॉलर रोख, तिसऱ्यापासून पुढे १३ हजार. पण ते बाळ सिंगापूरचं नागरिक असेल तरच. तुम्ही दोघंही पीआर, म्हणजे बाळ नागरिक नाही आणि बोनसही नाही. सरकारी सोळा आठवड्यांची रजाही त्याच अटीवर. तुला कायद्याने बारा आठवडे, त्यातले पगारी आठ. कंपनी याहून जास्त देते का ते एचआरला विचार.

गंमत म्हणजे हेच सरकार सत्तरच्या दशकात 'दोनवर थांबा' सांगत होतं, आपल्याकडे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवत होते तेव्हाच. तिसऱ्या बाळंतपणाला हॉस्पिटलची फी चढी, शाळाप्रवेशात नंबर मागे. अक्कांची धाकटी मुलगी तिसरी, तिच्या बिलाचं त्यांना अजून वाईट वाटायचं. १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या मुलांना शाळेत आधी घ्यायची योजना काढली, लोक इतके चिडले की सत्ताधारी पक्षाची मतं त्या वर्षी १२ टक्क्यांहून जास्त घसरली आणि पुढच्या वर्षी योजना गुंडाळली. १९८७ मध्ये पाटी उलटली, 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त'. सासूबाईंना सांग, सरकारच्या सांगण्यावर पाळणा हलवायचा तर कुठल्या वर्षीच्या सरकारच्या, ते आधी ठरवा.

मुलाबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीच काढते. तोही पीआर असेल ना? मग साडेसोळाव्या वर्षी त्याला सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची (लष्कर, पोलीस वगैरे) नोंदणी करावी लागेल आणि पुढे दोन वर्षं गणवेशात. तुझ्या नवऱ्याला यातून सूट मिळाली असेल, मुलाला ती नाही. सेवा न करता पीआर सोडला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं ठरवलं तेव्हा ते आड येतं. मुलं कमी जन्मतात, मग इथे एकेक मुलगा मोजला जातो. त्याच्या सतराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री बोलण्यापेक्षा हे दोघं आत्ताच बोलून ठेवा. घरावरून परत जाऊ की नको असा वाद घालताय, त्यापेक्षा यावर घाला.

आणि त्या पूर्वेच्या कोपऱ्याच्या घराचं एजंटला विचार, मालक कोण आहे. चिनी किंवा मलय असेल तर ते विसर. तसं नसेल, किंवा शेजारच्या ब्लॉकमध्ये दुसरं काही दिसत असेल, तर कोट्याचे आकडे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. त्या सकाळी चहा ठेवायच्या आधी संकेतस्थळ उघड.