नाइट डाइव्हला लाल रंगाचं, हातभर मोठं काहीतरी पाण्यात लाटेसारखं हलत जाताना दिसलं. हे काय असतं, विषारी असतं का आणि घरच्या टँकमध्ये ठेवता येईल का?

वर्णनावरून तरी स्पॅनिश डान्सरच वाटतोय, शास्त्रीय नाव हेक्साब्रँकस सँग्विनियस. बिनशंखाची समुद्री गोगलगाय, म्हणजे न्यूडिब्रँक, आहे ही. बाकीच्या बहुतेक न्यूडिब्रँक जाती बोटभर पण नसतात आणि ही 40 सेंमीच्या पुढे जाते, त्यामुळे पहिल्यांदा बघताना हा गोगलगायीचा प्रकार असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तांबड्या समुद्रापासून थेट हवाईपर्यंत प्रवाळांत सापडते, दिवसा कपारीत दडून असते, रात्री बाहेर पडते.

आता पोहण्याचं. एरवी ती तळावरून सरपटतच जाते, अंगाच्या कडा आत गुंडाळलेल्या असतात आणि तेव्हा रंग तसा फिकाच दिसतो. कुणी छेडलं की त्या कडा फटकन उघडतात, भडक लाल-पांढरा रंग समोर येतो आणि सगळं अंग वरखाली हलवत ती पोहायला लागते. म्हणजे आपण ज्याला डान्स म्हणून व्हिडिओ काढतो ते बऱ्याचदा तिचं घाबरणं असतं. काही लोक मुद्दाम उचलून वर सोडतात, मला हा प्रकार अजिबात पटत नाही, शांतपणे सरपटताना बघा की, पाठीवर मागच्या बाजूला सहा वेगवेगळे फुलोऱ्यासारखे गिल्स (कल्ले) दिसतील आणि नशीब असेल तर त्या गिल्सजवळ दोनेक सेंमीची एम्परर श्रिंप नावाची कोळंबी पण, लालसर-पांढरी, जांभळ्या नांग्यांची, आरामात फुकट प्रवास करत बसलेली.

विषारी आहे, पण डंख वगैरे मारत नाही, खाणाऱ्याला त्रास. आणि ते विष मुळात तिचं स्वतःचं नाहीच, ती ज्या स्पंजवर (खडकाला चिकटून राहणारा साधा समुद्री प्राणी) जगते त्यातली कडवट रसायनं घेऊन, थोडी बदलून अंगात साठवते, त्यामुळे मासे तिच्या वाटेला जात नाहीत. हीच रसायनं ती अंड्यांनाही देते. अंड्यांची लालसर रिबीन गुलाबाच्या फुलासारखी गोल-गोल खडकाला चिकटवलेली असते, तसं दिसलं तर हात लावू नका. गंमत म्हणजे एवढं करूनही फेव्होरिनस नावाची छोटी न्यूडिब्रँक ती अंडी खातेच!

टँकचं म्हणाल तर नका आणू, प्लीज. दुकानात मिळाली तरी नका. तिला ठरावीक स्पंजच लागतात, पेलेट्स, फ्रोझन फूड यातलं काहीही ती खाणार नाही, सरळ उपाशी मरेल. त्यात पंपात अडकायची भीती वेगळीच, आणि टँकमध्ये मेली तर अंगातली ती सगळी रसायनं पाण्यात उतरू शकतात, म्हणजे बाकीचे मासे पण धोक्यात. परत दिसली तर फक्त टॉर्च थोडा बाजूला धरा, थेट तिच्यावर मारू नका, मग भरपूर वेळ बघता येईल.