श्रद्धेमुळे खरंच शेती आणि जमीन सुधारते का, की नुसतं भाषणापुरतं?

ठाण्यात राहत असाल तर उत्तर घोडबंदर रोडवरच आहे. पांडुरंगशास्त्री आठवले (दादा) यांचं तत्त्वज्ञान विद्यापीठ तिथेच आहे. त्यांनी उभ्या केलेल्या स्वाध्याय परिवार या भक्तीच्या चळवळीची 'योगेश्वर कृषी' बघा: गावाचं एक सामाईक शेत, घरटी माणसं पाळीपाळीने वर्षातले मोजके दिवस तिथे राबतात, तेही मजूर म्हणून नाही तर पुजारी म्हणून. पीक कुणाच्याच मालकीचं नाही, ते देवाचं. त्यातून गरजूला जातं तो प्रसाद, म्हणून घेणाऱ्यालाही संकोच नाही. 'वृक्षमंदिर' त्याच धाटणीचं, फक्त शेताच्या जागी झाडं. सौराष्ट्रात याच मंडळींनी पावसाचं पाणी विहिरींत सोडून भूजल भरायचं कामही केलं. दादांना 1996 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातली खरी गोम 'पाळी' वाटते. झाड लावायला फोटोपुरते शंभर जण येतात, एप्रिलमध्ये पाणी घालायला कोण? पूजा चुकवायची नाही ही सवय तिथे कामी येते.

जुनं उदाहरण देवराईचं. देवाचं रान म्हणून कुऱ्हाड लागत नाही, पालापाचोळा तिथेच कुजतो, पाणी मुरतं, झरे टिकतात.

अर्थात श्रद्धेने माती आपोआप सुधारत नाही, शेणखत नि बांधबंदिस्ती लागतेच. आणि निर्माल्य पिशवीसकट तलावात फेकणारेही भाविकच असतात! तेच निर्माल्य वेगळं गोळा केलं तर उत्तम खत होतं. ठाण्यात गणपतीत हे होतं, यंदा जाऊन बघा.