पाय गेल्यावर क्लेम : समझोत्यावर सही करायच्या आधी

ताई, तुमच्या मिस्टरांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, वय 34, लोडिंग गाडी चालवायचे, आणि आता ट्रकच्या विम्यावाले एकरकमी समझोता करा म्हणतायत. आत्ता सही करू नका. मी पण इंदूरचाच, माझाही पाय ॲक्सिडेंटमधेच गेलाय, म्हणून कळकळीने लिहितोय.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के वेगळे आणि कमाईचं नुकसान वेगळं. सुप्रीम कोर्टाने 2010 मधे राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमधे हेच सांगितलंय, की डावा हात गेला तर अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास धरतील, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडू शकते, क्लार्कचं तसं नाही. तुमच्याकडे तर ब्रेक दाबायचा पायच गेलाय!

हिशोब बघा. कमाई महिना 15,000 धरली, चाळिशीच्या आतले म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 21,000, वर्षाचे 2,52,000, त्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा) 16, झाले 40,32,000. यावर कमाईचं नुकसान म्हणून 60 टक्के लावले तर 24,19,200 आणि 90 लावले तर 36,28,800. विम्यावाला कमी टक्केच धरणार, म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा असं वकिलांना आधीच सांगून ठेवा. सॅलरी स्लिप नसली तर लायसन्स, बँकेचं पासबुक, गाडीमालकाची साक्ष, सगळं लावा.

आणि नकली पायाचा खर्च एकदाच लिहू नका, ही चूक फार लोक करतात. पहिल्या वर्षी उरलेला पाय बारीक होत जातो, सॉकेट (नकली पायाची वाटी, जिच्यात उरलेला पाय बसतो) ढिलं पडतं, सकाळी एक मोजा घालून बसलेला पाय संध्याकाळी तीन मोजे घालूनही हलतो, मग कातडी सोलते आणि सॉकेट नवीन करावं लागतं. पूर्ण पायही काही वर्षांनी बदलावा लागतो. पाय बनवणाऱ्याकडून लेखी कोटेशन घ्या, पाय किती वर्षं चालेल आणि रिपेअरिंग किती लागेल ते त्यातच लिहून घ्या. 2022 मधे मोहम्मद सबीर केसमधे सुप्रीम कोर्टाने पाय बदलायचा आणि मेंटेनन्सचा पैसा धरून दिलाय, वकिलांना ती केस दाखवा.

ॲक्सिडेंट देवासकडे झाला असला तरी तुम्ही इंदूरला राहता, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चा क्लेम इथल्याच ट्रिब्यूनलमधे (ॲक्सिडेंटचे क्लेम चालतात ते कोर्ट) लागतो. कायद्यात ॲक्सिडेंटपासून सहा महिने दिलेत, तेवढ्यात अर्ज लावून टाका, सर्टिफिकेट नंतर जोडता येतं.