प्रतिपिंडांवर संशोधन करायचंय? मग अकरावीत गणित सोडू नका

फोंड्याहून एक आई लिहितात: मुलगी अकरावी सायन्सला आहे. क्षयरोगाविरुद्ध (टीबी) प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीज, कशी लढतात, यावर तिला संशोधन करायचंय. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, ‘टीबीत प्रतिपिंडांचा काही उपयोग नाही.’ आता तिला गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवायचंय. चालेल का?

ताई, डॉक्टरांचं म्हणणं निराधार नाही. टीबीचा जंतू फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींनी गिळल्यावरही त्यांच्या आत जिवंत राहतो, तिथवर प्रतिपिंडं सहसा पोचत नाहीत. म्हणून मुख्य लढाई टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची मानतात. एचआयव्हीत सीडी4 पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) घटल्या की टीबी उसळतो, हा त्याचा भक्कम पुरावा. शिवाय रक्तातली प्रतिपिंडं पाहून टीबी ओळखणाऱ्या तपासण्या फसल्या. निरोगी माणसात ती सापडायची, खऱ्या रुग्णात कधी कधी नाही. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका म्हणून सांगितलं, 2012 मध्ये भारताने बंदीच घातली.

पण निदान वेगळं आणि संरक्षण वेगळं. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं, की जंतू शरीरात असूनही आजारी न पडलेल्यांच्या प्रतिपिंडांवरच्या शर्करा-साखळ्या रुग्णांपेक्षा वेगळ्या असतात. प्रयोगशाळेत त्या प्रतिपिंडांच्या मदतीने मॅक्रोफेजनी जंतू जास्त मारले. म्हणजे प्रतिपिंडं किती यापेक्षा कशा प्रकारची, हे महत्त्वाचं. माणूस त्यांच्यामुळे वाचतो की वाचलेल्यात ती नुसती दिसतात, हा गुंता सुटायचाय. मुलीने जिवंत प्रश्न पकडलाय, तिला परावृत्त करू नका.

काम कसं असतं तेही तिला कळू द्या. एलायझा या प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीत 96 खळग्यांच्या प्लेटवर अँटिजेन (जंतूचा जो भाग प्रतिपिंडं ओळखतात तो) रात्रभर 4 अंशांवर चिकटवायचं, रिकामी जागा प्रथिनाने झाकायची, पातळ केलेला सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालायचा, धुवायचं, मग एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा धुवायचं. शेवटी रंग येतो, तो 450 नॅनोमीटरवर मोजायचा. धुण्यात हयगय झाली की कोरे खळगेही पिवळे होतात आणि दिवस फुकट. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला 18 ते 24 तास घेतो, घट्ट माध्यमावर वसाहती दिसायला आठवडे लागतात. त्याला वाढवायला बीएसएल-3 दर्जाची, म्हणजे कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, म्हणून शिकाऊ मुलांना बहुधा स्मेग्मॅटिस या त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदावर हात बसवायला देतात. चिकाटी नसेल तर हे क्षेत्र नको.

आता गणित. सोडू देऊ नका. बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीसाठी असलेल्या गॅट-बी आणि जॅम या दोन्ही प्रवेश परीक्षांत बारावीच्या पातळीचं गणित आणि फिजिक्स विचारतात. प्रतिपिंडांचे आकडे वाचायला संख्याशास्त्रही लागतंच. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री, काहीही चालेल. कॉलेज निवडताना प्रॅक्टिकल मुलं स्वतः करतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. एमएस्सी ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात करता येईल. पण खास टीबीसाठी पुढे चेन्नईची क्षयरोग संशोधन संस्था, आग्र्याची जालमा ही कुष्ठरोग व तत्सम जंतूंवरची संस्था किंवा बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएस्सी), म्हणजे गोव्याबाहेर जाण्याची तयारी हवी.

पीएचडी धरून बारावीनंतर दहा-अकरा वर्षं जातात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये. त्याआधीचा खर्च घरचा, तो आजच मांडून ठेवा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी तिला अर्ज करायला लावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहिली की पीएचडी करायची की नाही, ते तिचं तीच ठरवेल.